फुकटच्या सरपणाचा मालक कोण?

सरपणावरून भांडण झाले नाही अशी वस्ती आमच्या तरी पाहण्यात नाही. नळावर भांडणे होतात, रेशनच्या रांगेत होतात आणि त्यांची चर्चाही होते. सरपणाच्या भांडणाला मात्र कोणी भांडण समजत नाही. ‘बायांची कटकट’ म्हणून पुरुषमंडळी हात झटकतात आणि पानठेल्याकडे निघून जातात. पण याच कटकटीतून दोन घरांचे बोलणे वर्ष-वर्ष बंद पडते, लग्नाची पत्रिका जात नाही, मयतीला आलेला माणूस दारापासून परततो, हे वस्तीत काम करताना आम्ही पाहिले आहे. म्हणून या विषयावर चार शब्द लिहावेत असे वाटले.

कोणी म्हणेल, आता सरपण कुठे राहिले? घरोघरी गॅस आला की! गॅस आला हे खरेच आहे. १ मे २०१६ रोजी उत्तर प्रदेशातील बलिया येथे उज्ज्वला योजना सुरू झाली आणि गरीब घरातील बाईच्या नावाने गॅसजोडणी मिळू लागली. नागपूरच्या उत्तर भागातील आमच्या वस्तीतही शेगड्या आल्या, त्यांचे फोटो काढले गेले. पण जोडणी मिळणे वेगळे आणि सिलिंडर भरणे वेगळे. १४.२ किलोच्या सिलिंडरचे सगळे पैसे आधी मोजावे लागतात, अनुदान मागून खात्यात येते. आम्ही बी.कॉम. झालेले, त्यामुळे जमाखर्चाच्या नजरेने पाहण्याची सवय आहे. महिन्याचा पगार घेणाऱ्याला जो खर्च साधा वाटतो, तोच रोजीने जाणाऱ्या बाईला डोंगर वाटतो, कारण तिच्या हाती आठशेच्या वर रुपये एकाच दिवशी जमतच नाहीत. रेशनचे रॉकेलही मिळेनासे झाले. मग सकाळचा चहा आणि पाहुण्यांची भाजी गॅसवर, आणि भाकरी, वरण, आंघोळीचे पाणी चुलीवर, अशी वाटणी घराघरांत झाली आहे. काही घरांत तर रिकामे सिलिंडर कोपऱ्यात उभे असते आणि त्यावर पाण्याचा गुंड ठेवलेला असतो.

तेव्हा सरपण आहे, आणि ते विकत घेणे परवडत नाही म्हणून फुकटचे शोधावे लागते. आता प्रश्न असा की, फुकटचे म्हणजे कोणाचे?

आमचे बालपण वर्धा जिल्ह्यातील एका खेड्यात गेले. आई कापूस वेचायला जाई. वेचणी संपली की वावरात पऱ्हाट्या उभ्या राहत आणि त्या कोणी न्यायच्या याचा गावात न लिहिलेला कायदा होता. ज्या बायांनी त्या वावरात वेचणी केली, त्यांचा पहिला हक्क. त्या बाया पऱ्हाटी उपटत, मोळ्या बांधत आणि डोक्यावर वाहून आणत. शेतकऱ्याचे वावर फुकटात मोकळे होई आणि बायांना चार महिन्यांचे जळण मिळे. कोणी कोणावर उपकार करीत नव्हते. दुसऱ्या टोळीतली बाई त्या वावरात शिरत नसे. शिरली तर तिला कोणी शिव्या देत नसे, नुसते विचारत, “काय बाई, वाट चुकली काय?” तेवढे पुरे होई.

दुसरा नियम खुणेचा. धुऱ्यावर वाळलेली फांदी दिसली आणि ती त्या दिवशी नेता येत नसेल, तर बाई तिच्यावर एक दगड ठेवून जाई. दगड दिसला की दुसरी बाई हात लावत नसे. पण ही खूण एकाच दिवसाची. दुसऱ्या दिवशी मावळतीपर्यंत नेली नाही तर ती फांदी सगळ्यांची. दगड ठेवून सगळे रान अडवून बसण्याची सोय कोणालाच नव्हती.

तिसरा नियम, वाळलेले तेवढेच घ्यायचे. हिरव्या फांदीवर कुऱ्हाड घालायची नाही, आणि आंब्या-मोहाला तर मुळीच नाही, कारण ते फळ-फुलाचे झाड. चौथा नियम सगळ्यांच्या वर होता. ज्या घरी बाळंतीण आहे किंवा ज्या घरी मयत झाली आहे, त्या घरी सरपण कमी पडले तर कोणाच्याही ढिगातून न्यावे, हिशेब नंतर. बाळंतिणीच्या पाण्याला नाही म्हणणारी बाई आम्ही त्या खेड्यात पाहिली नाही.

आता तिकडेही पऱ्हाटी पूर्वीसारखी राहिली नाही. २०१७ साली विदर्भात गुलाबी बोंडअळीने कापूस खाल्ला. बोंडअळीचे कोष पऱ्हाटीच्या बोंडांत टिकतात, म्हणून हंगाम संपताच पऱ्हाटी वावरातून काढा आणि तिचे ढीग साठवू नका, असे कृषी खाते सांगते. शेतकरीही यंत्राने तिचा भुगा करून मातीत मिसळतो. शेताच्या दृष्टीने ते बरोबरच आहे. पण त्यामुळे वेचणाऱ्या बाईच्या चुलीचे काय, हा प्रश्न कोणाच्या कागदावर आला नाही.

शहरात आलो तेव्हा खेड्यातला कायदा खेड्यातच राहिला. येथे वावर नाही, धुरा नाही. येथे पावसाळ्यापूर्वी वीजतारांखालच्या फांद्या छाटतात, वादळात झाड पडते, आरामशीनवर सालपटे निघतात, बांधकामावर सेंट्रिंगच्या मोडक्या फळ्या पडतात, फळबाजारात लाकडी खोकी फेकली जातात. हे सगळे फुकटचे दिसते. पण त्यावर पहिला हक्क कोणाचा, हे येथे कोणी ठरवलेले नाही. मग ज्याच्या हाती कुऱ्हाड तो मालक, आणि ज्याचा आवाज मोठा त्याचा न्याय.

२०२३ साली नवतपा संपता संपता रात्री वादळ झाले आणि आमच्या वस्तीच्या कडेला नाल्याकाठची मोठी सुबाभूळ आडवी झाली. शेंडा एका घराच्या टिनांवर आला, दोन टिना चेपल्या. सुदैवाने माणसांना लागले नाही. सुबाभळीचे लाकूड चांगले जळते हे सगळ्यांना ठाऊक. उजाडायच्या आत पलीकडच्या गल्लीतले दोघे भाऊ कुऱ्हाड घेऊन आले आणि त्यांनी जाड फांद्या तोडून बाजूला रचल्या. टिना चेपलेल्या घरची वहिनी बाहेर आली आणि म्हणाली, “माह्या घरावर पडलं, तं लाकूड माहं. तुमी कोन?” भाऊ म्हणाले, “तोडलं कोनं? हात आमचे फुटले.” तेवढ्यात झाडाच्या पलीकडे झोपडीत एकटी राहणारी आजी काठी टेकत आली. ती म्हणाली, “बाप्पा, मी रोज याच झाडाखालच्या काड्या येचतो. मले दोन काड्या तं ठेवा.” तिच्याकडे कोणी पाहिलेच नाही.

मग बोलणे वाढले. “तुमच्या घरी तं गॅस आहे, तुम्हाले काड्या कायले पाहिजे?” “गॅस आहे, भरायले पैसे कोन देते, तू?” आणि शेवटी वहिनीच्या तोंडून ‘चोट्टे’ हा शब्द निघाला. त्या शब्दाने सगळे बिघडले. दोघे भाऊ दिवसभर हमाली करणारी कष्टाळू माणसे. त्यांच्या म्हाताऱ्या आईने तो शब्द ऐकला आणि ती रस्त्यावर बसून रडू लागली. धाकट्याने हातातली कुऱ्हाड खाली टाकली नसती तर त्या सकाळी काय झाले असते, याचा विचार आजही नको वाटतो. दुपारी दोन्हीकडची मंडळी पोलीस चौकीत जायला निघाली. लाकूड फार तर दहा-बारा मोळ्यांचे असेल.

आम्ही त्या दिवशी कचेरीतून रजा घेतली. महिला मंडळाच्या दोन ज्येष्ठ भगिनींना बरोबर घेतले आणि दोन्ही घरच्यांना विहाराच्या ओट्यावर बसवले. आजीलाही बोलावले. सुरुवातीला सगळे एकदमच बोलत होते. तेव्हा त्या भगिनींपैकी एकीने सांगितले की, आधी प्रत्येकाने आपल्याला काय पाहिजे ते सांगायचे, दुसऱ्याने काय केले ते नाही. हा उपाय कामी आला. वहिनीला लाकडापेक्षा टिनांची काळजी होती, पाऊस तोंडावर होता. भावांना मेहनतीचा वाटा हवा होता. आजीला बारीक काड्या हव्या होत्या, कारण तिच्याने जाड लाकूड फोडवत नाही.

गरजा मांडल्यावर दिसून आले की, त्या एकमेकींच्या आड येत नव्हत्या. बुंधा कोणाच्याच मालकीचा नव्हता, तो तिसऱ्या दिवशी महानगरपालिकेची माणसे गाडीत घालून घेऊन गेली. भावांनी टिना सरळ करून परत ठोकून द्यायच्या, जाड फांद्यांचा अर्धा वाटा वहिनीचा आणि अर्धा भावांचा, बारीक काड्या सगळ्या आजीच्या, असे ठरले. आम्ही ते वहीत लिहिले आणि सगळ्यांच्या सह्या-अंगठे घेतले. लाकडाची वाटणी अर्ध्या तासात झाली. ‘चोट्टे’ या शब्दाची वाटणी मात्र होईना. वहिनीने शब्द मागे घेतला, पण भावांची आई त्या घरासमोरून जाताना पदर ओढून घेई. दिवाळी गेली, हिवाळा गेला, तेव्हा कुठे दोन्ही घरांत हळदीकुंकवासारखे नाही तरी साधे येणे-जाणे सुरू झाले. सुबाभूळ तोवर केव्हाच जळून राख झाली होती.

या प्रकरणावर आम्ही बराच विचार केला. इतक्या कष्टाळू, सरळ माणसांत एवढी तेढ का आली? आम्हाला त्याचे एक कारण असे वाटते की, आपल्या माणसाला विचारणे जड जाते. आमचे आजोबा सांगत की, त्यांच्या तरुणपणी गावच्या वाड्यावर लाकडे फोडायला जावे लागे. कुऱ्हाड आपली, घाम आपला आणि लाकूड वाड्याचे. संध्याकाळी उरलेल्या ढलप्या दारातून फेकत आणि ‘घेऊन जा’ म्हणत. १९५६ नंतर त्यांनी गावकीची कामे सोडली, तेव्हा त्या ढलप्याही सोडल्या. घरात सरपण नसले तरी चालेल, पण कोणापुढे हात पसरायचा नाही, हे त्यांनी मुलांना शिकवले. ती शिकवण मोलाची आहे आणि तिच्यामुळेच आपण ताठ उभे आहोत.

पण विचारणे वेगळे आणि मागणे वेगळे. मागणारा दुसऱ्याच्या दयेवर उभा असतो. विचारणारा दुसऱ्याला आपल्या बरोबरीचा समजतो, आणि स्वतःलाही. त्या पहाटे भावांनी वहिनीच्या दारावर थाप मारून “वहिनी, झाड तोडतो, तुमचं काय नुकसान झालं पाहून घ्या” एवढे म्हटले असते, तर तो भीक मागण्याचा प्रकार झाला नसता. वहिनीनेही ‘तुमी कोन’ म्हणण्याऐवजी ‘आधी टिना पाहू, मग वाटून घेऊ’ म्हटले असते तर तिचा हक्क कमी झाला नसता. दुसरे शील आपण सगळेच म्हणतो, न दिलेले घ्यायचे नाही. रस्त्यावरची फांदी कोणी दिली, असा प्रश्न त्यावर निघतो. आमच्या मते, ज्यांचा तिच्याशी संबंध आहे त्या सगळ्यांना माहीत असताना घेतलेली फांदी दिलेलीच समजावी. अंधारात घेतलेली फांदी फुकटची असली तरी ती न दिलेली.

पुढच्या वर्षी, २०२४ च्या मे महिन्यात, आमच्या वस्तीने एक संध्याकाळ बसून काही गोष्टी ठरवल्या. इतर वस्त्यांना उपयोग होईल म्हणून त्या येथे देत आहोत.

झाड पडले तर आधी माणसे आणि तारा पाहायच्या. फांदीत वीजतार अडकली असेल तर वीज बंद झाल्याची खात्री होईपर्यंत कोणीही हात लावायचा नाही, मग लाकूड कितीही चांगले असो. त्यानंतर रस्ता मोकळा करायचा. ज्याच्या घराचे नुकसान झाले त्याला पहिला वाटा, तोडणाऱ्याला मेहनतीचा वाटा, आणि ज्या घरी गॅस मुळीच नाही किंवा एकटे म्हातारे माणूस आहे त्याला बारीक, फोडलेले सरपण. छाटणीच्या फांद्या न्यायच्या तर तेथे हजर असलेल्या मुकादमाला विचारून, आणि नेताना पाला-काटे रस्त्यावर टाकून जायचे नाही. सरपण घेऊन काटे शेजाऱ्याच्या दारात सोडणाऱ्याला पुढच्या वेळी वाटा नाही.

बांधकामावरील फळ्यांबद्दल विशेष सांगावेसे वाटते. मोडकी दिसणारी फळीही ठेकेदाराच्या मोजणीत असू शकते. आमच्या वस्तीतील एका दहा वर्षांच्या मुलाला अशी एक फळी उचलली म्हणून चौकीदाराने दिवसभर बसवून ठेवले होते. त्या मुलाने पुढे कित्येक दिवस शाळेची वाट बदलली. तेव्हा मुलांना एकटे पाठवू नका. मोठ्या माणसाने जाऊन मिस्त्रीला विचारावे. शिवाय रंग दिलेले लाकूड आणि प्लायवूड चुलीत घालू नये, त्याचा धूर विषारी असतो.

कायदाही माहीत असावा. शहरातील उभे झाड तोडायला महाराष्ट्राच्या १९७५ च्या झाडे संरक्षण कायद्याप्रमाणे वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. ‘आमच्या अंगणातले आहे’ म्हणून ती चुकत नाही. जंगलात राखीव वनातून लाकूड आणणे १९२७ च्या वन कायद्याने गुन्हा ठरतो. परंतु २००६ च्या वनहक्क कायद्याने निस्तारासारखे गावाचे जुने सामूहिक हक्क मान्य केले आहेत. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला. जंगलालगतच्या आपल्या बांधवांनी ग्रामसभेत बसून आपल्या गावाचा दावा झाला आहे की नाही ते पाहावे. चोरून मोळी आणणे आणि हक्काने आणणे यात बाईच्या मनाला किती फरक पडतो, हे तिलाच विचारा. आणि हक्क असला तरी एकटीने जाऊ नये. चंद्रपूरकडे सरपणाला, मोहाला, तेंदूपत्त्याला गेलेल्या माणसांवर वाघाने हल्ला केल्याच्या बातम्या आपण वाचतोच.

सरपण घरी आल्यावरही शेजारधर्म संपत नाही. ढीग शेजाऱ्याच्या भिंतीला टेकवून रचला की वाळवी त्याच्या चौकटीला लागते आणि पुन्हा भांडण. खाली विटा ठेवाव्यात, भिंतीपासून वीतभर अंतर सोडावे, वर ताडपत्री टाकावी. ढिगात विंचू आणि मण्यार बसतात, म्हणून अंधारात हात घालू नये आणि ढिगाजवळ जमिनीवर झोपू नये. ओले लाकूड लगेच जाळू नये, त्याने भाकरी कमी भाजते आणि डोळे जास्त जळतात. शेजारी दम्याचा आजारी माणूस किंवा तान्हे मूल असेल तर चूल कोणत्या वेळी पेटवायची हेही त्याच्याशी बोलून घ्यावे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२० साली जगात ३२ लाख माणसे घरातल्या अशा धुराच्या आजारांनी दगावली. तेव्हा पुरुषांनी हेही ध्यानात घ्यावे की, महिन्याकाठी थोडे थोडे बाजूला टाकून सिलिंडर भरणे ही बाईची हौस नसून तिच्या छातीची गरज आहे. आमच्या वस्तीतील महिला बचत गटाने सिलिंडर भरण्यासाठी बिनव्याजी उसने देणे सुरू केले आहे. आठवड्याला थोडे थोडे करून ते फेडतात. त्याचा हिशेब ठेवण्याचे काम आमच्याकडे आहे, आणि आजवर एकही पैसा बुडालेला नाही.

हे सगळे केल्यावर भांडणे पूर्ण थांबली असे आम्ही म्हणणार नाही. गेल्या पावसाळ्यातही एका फांदीवरून आवाज चढलेच. पण कोणी ‘चोट्टा’ म्हटले नाही आणि चौकीची वाट कोणी धरली नाही. वही काढली, ठरलेले वाचून दाखवले आणि मंडळी आपापल्या घरी गेली.

आपल्या वस्तीतही मृग लागायच्या आधी एक संध्याकाळ अशी बैठक घ्यावी, अशी आमची सर्व वाचक बंधु-भगिनींना विनंती आहे. वाटणी कोणी करायची हे बायांनाच ठरवू द्यावे, कारण चूल त्यांची आहे आणि धूरही त्याच खातात. पुरुषांनी कुऱ्हाड चालवावी. ज्यांना आधी सरपण द्यायचे त्यांची यादी करावी. त्या यादीत एकट्या राहणाऱ्या म्हातारीचे नाव सगळ्यात वर असावे, आणि तिची मोळी तिच्या दारापर्यंत पोचवण्याचे काम वस्तीतल्या तरण्या पोरांनी घ्यावे.